शेवटची आवृत्ती

सोमवार, ४ मार्च

चि. सौ. असं लिहिलं आणि थांबले. 'चि.' माझ्या हातात आहे, ते राहणार. 'सौ.'चा निकाल तू आणि माझा मुलगा अजून लावत नाही, म्हणून मीही ते तसंच ठेवते.

तुझी कालची मेल वाचली. प्रकल्पाच्या सगळ्या मेलिंग लिस्टला पाठवलीस म्हणजे सगळ्यांनीच वाचली. 'येत्या आवृत्तीत नवा पॅकेज मॅनेजर गेला नाही, तर मी हा प्रकल्प सोडते आहे. एका कंपनीने नोकरी देऊ केली आहे, तिला महिनाअखेरीस उत्तर द्यायचं आहे.' बस्स. खाली ना नमस्कार, ना नाव. नोटीस कशी लिहावी हे मीच तुला शिकवलं होतं, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.

आता मी काय केलं तेही माझ्याच तोंडून ऐक. मी विरोधात लिहिलं. लिस्टवर, सगळ्यांसमोर, चहा गार होऊ देऊन. तुझी धाकटी, म्हणजे तो नवा पॅकेज मॅनेजर, सगळं सामान आधी बाजूला मांडते आणि मग एका झटक्यात जुनं काढून नवं लावते. त्याला दुप्पट जागा लागते. शाळावाल्या मास्तरांच्या वर्गात जे म्हातारे कॉम्प्युटर आहेत, त्यांच्यात पाय ठेवायला जागा नाही. माझी थोरली, म्हणजे आत्ताचा जुना, एकेक डबा उचलते, जागेवर ठेवते, मग दुसऱ्याला हात लावते. मध्येच वीज गेली तर जिथे थांबली तिथून पुढे. हळू आहे, मान्य. मीही हळूच आहे.

थोरली, धाकटी! आपण सासू-सुना आहोत हे कळल्यावर कुणा रिकामटेकड्याने आपल्या दोन प्रोग्रॅमना ही नावं ठेवली, आणि आता प्रकल्पाच्या मंडळाच्या ठरावातसुद्धा तीच येतात. काल पुन्हा एकाने 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' असं लिहून पुढे हसरा चेहरा टाकला. त्याला विचारणार होते की बाबा, तुझे चार दिवस कधी येणार, आजवर कोडची एक ओळ तरी लिहिली आहेस का? विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

वीस तारखेला मंडळ मत देणार. याआधी दोनदा पुढे ढकललं, तिसऱ्यांदाही ढकलतील असं वाटतं. तू खरंच जाशील का? रागाच्या भरात लिहिलं असशील. पण तू रागाच्या भरात कधी काही लिहीत नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून सकाळपासून एका जागी बसवत नाहीये.

मुलगा बाजूच्या खोलीत आहे. तुझी मेल त्याला दाखवली. बराच वेळ वाचत होता. अधूनमधून तुझी आठवण काढतो.

गुरुवार, ७ मार्च

उत्तर नाही. ठीक आहे. मी काही उत्तरासाठी लिहीत नाही. (लिहिते, पण ते असो.)

खांद्याचे व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. आज हात वर-खाली करता करता म्हणाली, "आजी, तुम्ही दिवसभर त्या कॉम्प्युटरवर नक्की करता काय?"

मी म्हटलं, "कोठी सांभाळते. माणसाला एखादा प्रोग्रॅम हवा असला की तो आणायचा, त्याला सोबत आणखी काय काय लागतं ते शोधायचं, सगळं जागेवर लावायचं, शिळं झालेलं फेकायचं. हजारो लोकांच्या कॉम्प्युटरवर माझा प्रोग्रॅम हे करतो."

"म्हणजे स्टोअरकीपर."

"हो."

"आणि सुनेने नवीन स्टोअरकीपर आणलाय."

"हो."

"मग भांडण कसलं? जुन्याला सांगा, घरी जा." आणि माझा हात असा काही वर खेचला की मी ओरडलेच.

ती गेल्यावर मनाशी म्हटलं, बघू तरी. जुना लॅपटॉप काढला आणि त्यावर थोरलीच्या जागी धाकटी बसवायला घेतली. दोष काढायच्या इराद्याने, खोटं कशाला बोलू. पण दोष काढण्यापर्यंत गाडी पोचलीच नाही. थोरली हलेना. तिला काढू म्हटलं की ती सरळ नकार देते, कारण ते कुलूप मीच घातलेलं आहे. पूर्वी लोक उत्साहाच्या भरात पॅकेज मॅनेजरच काढून टाकायचे, आणि मग पुढे काही आणताही येईना, म्हणून मला मेल करत बसायचे. मी कुलूप घातलं आणि ती कटकट संपवली.

मग माझ्या लक्षात आलं. थोरली स्वतःहून बाजूला झाली नाही तर धाकटी येणार कुठून? थोरलीची एक शेवटची आवृत्ती लागणार, जी धाकटीला आणेल, कोठीचा सगळा हिशेब तिच्या हातात देईल आणि स्वतःला पुसून टाकेल. आणि आपल्याकडचा नियम असा की ज्याचं पॅकेज त्यानेच हात लावायचा. म्हणजे ते मीच लिहायला हवं.

इतकी वर्षं लिस्टवर वाद चाललाय. भाषा कुठली, वेग किती, जागा किती. नमनाला घडाभर तेल जाळलं, पण घोडं इथे अडलंय हे एकानेही म्हटलं नाही. मी दुपारी साधा प्रश्न टाकला, 'बदल प्रत्यक्षात कसा होणार?' जिथे एका स्वल्पविरामावर दिवसभर हाणामारी चालते, तिथे सगळे मूग गिळून गप्प. तूसुद्धा.

तुम्ही सगळे माझ्यापासून काय लपवताय?

रविवार, १० मार्च

अध्यक्ष घरी येऊन गेले. तू त्यांना ओळखतेस. पोटापाण्यासाठी एका हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळतात, आपल्या मंडळाचे अध्यक्ष म्हणून लिस्टवर वाघ, आणि आमच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसतात. फुलं घेऊन आले होते. फुलं पाहिल्यावरच मी ओळखलं की बातमी वाईट आहे.

"मॅडम, तब्येत कशी आहे?"

"खांदा सोडून सगळं उत्तम. धाकटी कशी बसवणार ते सांगा."

"तो जरा तांत्रिक प्रश्न आहे. बघू आपण."

"मी तांत्रिकच बाई आहे. बोला."

चहाचा कप दोनदा उचलला, दोनदा ठेवला. मग म्हणाले, "तुमचं ऑपरेशन झालं तेव्हाचं आठवतं? त्याच आठवड्यात थोरलीत सुरक्षेचं एक भोक सापडलं होतं. दुरुस्ती तातडीने हवी होती आणि तुम्ही शुद्धीवरसुद्धा नव्हतात. थोरलीचा कोड वाचता येईल असं आमच्यात एकच माणूस."

"ती."

"ती. मग मंडळाने ठराव आणला. तुम्हाला गैरहजर ठरवायचं आणि थोरली तिच्या नावावर करायची. दुरुस्तीही झाली असती, आणि पुढे ते कुलूपही तिला काढता आलं असतं. त्याच आवृत्तीत धाकटी गेली असती, मॅडम. ती नाही म्हणाली."

"का?"

"म्हणाली, त्या झोपलेल्या असताना त्यांच्या कमरेची किल्ली मी काढून घेणार नाही."

तेच पुढे बोलत राहिले. "मग तुम्ही घरी आलात आणि डाव्या हाताने दुरुस्ती केलीत. त्यानंतर कोणीतरी तुम्हाला विचारायला हवं होतं. तिला वाटलं मी विचारीन. मला वाटलं ती विचारेल, घरचंच माणूस. तोवर ती घरातून गेली. मग विषय निघाला की काही ना काही कारण सापडायचं. पुढच्या वेळी बघू, असं करत करत..."

"म्हणजे माझ्यावर दया केलीत."

"दया नाही हो, भीड."

त्यांना दारापर्यंत सोडायला गेले नाही. फुलं अजून टेबलावर आडवी आहेत, पाण्यात घातलेली नाहीत. मला इतका राग आला आहे की तो कोणावर हेच ठरत नाही. घरभर फिरते आहे. पंखा चालू करते, बंद करते. तुझ्यावर रागवावं तर तुझं ते वाक्य आठवतं, आणि मग खाली बसावं लागतं.

बुधवार, १३ मार्च

भीड भिकेची बहीण, हे माझी आई उठता-बसता म्हणायची. तुला कोणी सांगितलं होतं माझी भीड धरायला? स्वतःचं काम कुजत पडू दिलंस. लोक तुला म्हणायचे, 'हिचं काही पुरं होत नाही.' तू ऐकून घेतलंस. मीही तेच म्हटलं होतं, एकदा लिस्टवर आणि बऱ्याचदा घरात. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं!

असो. थोरलीची शेवटची आवृत्ती लिहून झाली. सोबत जोडली आहे.

लिहिताना रडले. नाटक नाही करत, जे झालं ते सांगते. माझं अर्धं आयुष्य त्या प्रोग्रॅममध्ये आहे. मुलगा लहान असताना एका मांडीवर तो आणि दुसऱ्या मांडीवर कीबोर्ड, असं करून त्यातला काही भाग लिहिलेला आहे. तोच प्रोग्रॅम स्वतःला कसा पुसेल ते नीट, क्रमाने लिहायचं, वर ते चालतं का हे तपासून बघायचं. चाललं की आनंद व्हायला हवा. कसला आनंद होणार?

पण तू जाणार असशील तर थोरली ठेवून मी करू काय? रोज सकाळी लिस्ट उघडते ती तुझं नाव बघायला. भांडत असलीस तरी चालतं. तू गेलीस की ते नाव दिसणार नाही, आणि मग या घरात मला तुझं काही कळणार नाही. मी धाकटीच्या बाजूने झाले ते एवढ्यासाठी. तिच्या गुणांवर नंतर बोलू.

आता काम. आपला नियम तुला माहीत आहे. असल्या महत्त्वाच्या पॅकेजची एकेक ओळ दुसऱ्या कोणीतरी वाचून सही केल्याशिवाय ते पुढे जात नाही. अध्यक्ष वाचायला तयार आहेत. ते वाचतील आणि 'फार सुंदर, मॅडम' म्हणतील. मला ते नको. तू वाच. आणि भीड धरलीस तर याद राख.

तोही विचारत होता, ती वाचेल का म्हणून.

शनिवार, १६ मार्च

आले तुझे शेरे. वाचशील म्हटलं होतं, सोलशील असं म्हटलं नव्हतं!

बहुतेक बरोबर आहेत, दुरुस्त केले. एका ठिकाणी 'हे चूक आहे' एवढंच लिहिलंस, का चूक ते लिहिण्याचे कष्टही घेतले नाहीस. मला शोधावं लागलं. चूक होतीच. तिथे मला, खरं सांगू, गंमत वाटली. कितीतरी वर्षांत मला कोणी असं तोंडावर सांगितलेलं नाही.

पण शेवटचा शेरा मी मानणार नाही. थोरली जाताना स्वतःची एक प्रत कोपऱ्यात ठेवते. धाकटी वारंवार अडखळली, तर ती प्रत उठते आणि पुन्हा जागेवर बसते. तू लिहितेस, 'हे काढा. परतीची वाट ठेवली तर लोक पहिल्याच अडचणीला मागे फिरतील. आपल्याला दोन्ही सांभाळत बसावं लागेल, आणि कोणीच धड पुढे जाणार नाही.'

काढा म्हणे! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मास्तरांच्या वर्गात तुझी धाकटी आडवी झाली तर ते काय करतील? घराला मागचं दार असतं ते काय चोरांसाठी? माणसाला परत यावंसं वाटतं कधी कधी. चुकून गेलेलं असतं. अशा वेळी दार उघडं हवं, आतला दिवा हवा, खोली जशीच्या तशी हवी. तुझी खोली मी जशीच्या तशी ठेवली आहे, तुझं टेबलसुद्धा. यात कोणाचं काय बिघडलं?

मी त्यालाही विचारलं. तो म्हणाला, आईचं बरोबर आहे.

त्या ओळी राहतील. सही करायची असेल तर कर.

रविवार, १७ मार्च

तुझं उत्तर आलं. एवढ्या पत्रांनंतर पहिलं उत्तर, आणि तेही एका ओळीचं. 'तो तिथे राहत नाही, आई. त्यानेच मला सांगितलं होतं, गेला त्याच दिवशी.'

माहीत होतं तर मला खोटं का बोलू दिलंस? भीड, दुसरं काय.

हो, नाही राहत. थंडीतच गेला. दोन खोकी आणि सायकल घेऊन. पोहायला शिकवणारी एक मुलगी आहे, तिच्यासोबत राहतो. मी तिला भेटले आहे. चांगली आहे. हे शब्द लिहायला मला किती वेळ लागला हे तुला कळायला नको. बाजूच्या खोलीत कोणी नाही. मी तुझी मेल कोणालाही दाखवली नाही, तुझी आठवण कोणी काढली नाही, आणि आईचं बरोबर आहे असंही कोणी म्हटलं नाही. आठवण मी काढते. मला वाटलं, तो वाट बघतोय असं लिहिलं तर तू येशील. मी वाट बघते आहे एवढ्यावर कोण कशाला येईल?

तुझी ओळ वाचून त्याला फोन केला. म्हटलं, "घटस्फोटाच्या कागदांचं काय झालं? तुमचं अजून भिजत घोंगडं का पडलंय?"

तो म्हणाला, "आई, आमचं कधीच ठरलंय. सह्या करायच्या बाकी आहेत. तुझं ऑपरेशन झालं, मग म्हटलं तू जरा सावर. मग तुझा खांदा. तीही म्हणाली, आईंना झेपेल तेव्हा करू."

"मला न झेपायला काय झालं?"

"तू तिची खोली रोज झाडतेस, आई."

फोन ठेवला. मग जाऊन त्या खोलीच्या दारात उभी राहिले. टेबलावर कापड घातलेलं, खाली तुझ्या सपाता. मी बाहेरच उभी राहिले. दार लावून घेतलं.

तुम्ही दोघं माझ्यासाठी थांबलात. मंडळ माझ्यासाठी थांबलं. आणि मी इथे बसून म्हणत होते, मेलं हे सगळं पुढे का ढकलतात!

त्या ओळी मी काढल्या आहेत. तू म्हणालीस म्हणून नाही, तुझं बरोबर होतं म्हणून. नवी प्रत जोडली आहे, तपासून सही कर. वीस तारखेच्या आत मंडळाकडे जाऊ दे. आणि त्याला मी सांगितलं आहे, या आठवड्यात सह्या करा. वर 'सौ.' लिहिलेलं नाही, पाहिलं असशील.

मंगळवार, २ एप्रिल

मतदानाचं तुला माहीतच आहे, तू तिथे होतीस. मी बघत होते. धाकटी बहुमताने निवडली गेली, एकमत झालं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस, आपल्या मंडळात चहा घ्यायचा का यावरही एकमत होत नाही. तू कंपनीला नकार कळवलास हे अध्यक्षांकडून कळलं. बरं झालं, एवढंच लिहिते. जास्त लिहिलं तर पुन्हा रडायला येईल, आणि व्यायामवाली मुलगी यायची वेळ झाली आहे.

काल माझ्या कॉम्प्युटरवर बदल झाला. दुसऱ्या कोणाच्या आधी माझ्याकडे व्हावा म्हणून मी मुद्दाम पहाटेपासून बसले नाही, आंघोळ-बिंघोळ आटपून सावकाश केला. थोरलीने धाकटीला आणलं, हिशेब दिला आणि गेली. नीट गेली. तू एकेक ओळ वाचली होतीस, नीट न जाऊन काय करेल.

आज सकाळी शाळावाल्या मास्तरांचा फोन. जाम भडकले होते. "मॅडम, ही नवी म्हणते जागा नाही! आता वर्ग कसा घेऊ? तुमची थोरली बरी होती, तिला परत आणा."

मी म्हटलं, "ती गेली, मास्तर." हे मी प्रथमच मोठ्याने म्हटलं. मग मी म्हटलं, "आता ही काय म्हणते ते नीट वाचून दाखवा." त्यांनी वाचलं. तुझ्या धाकटीत कमी जागेसाठी वेगळी सोय आहे, एकेक डबा उचलून ठेवायची, हे मला आज कळलं. इतकी वर्षं मी त्यावरून भांडले आणि तू धाकटीबद्दल लिहिलेली माहिती शेवटपर्यंत कधी वाचली नाही. मास्तरांचे कॉम्प्युटर दुपारपर्यंत चालू झाले. हळू चालतात म्हणाले. मी म्हटलं, हळू चालू दे.

तुझं टेबल व्यायामवाल्या मुलीला दिलं. तिच्या भावाला अभ्यासाला हवं होतं. खोलीची खिडकी उघडी ठेवली आहे, वारा छान येतो. मी आता दुपारी तिथेच झोपते.

सह्या झाल्या असं मुलगा सांगून गेला. पॅकेज सांभाळणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव निघाल्याची मेल यंत्राने आपोआप पाठवली, तीही आली. म्हणजे मी आता तुझी सासू नाही, आणि प्रकल्पातही कोणी नाही. माझ्या सहीवाचून तुझं काही अडत नाही, आणि लिस्टवर भांडायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. तुला पत्र लिहायला काहीतरी कारण हवं, म्हणून सकाळपासून शोधत होते. एकही सापडलं नाही. मग तसंच लिहायला घेतलं.